जाणाऱ्यानं प्राणी निवडायचा

मस्कतमध्ये काही वर्षं काढली की घरात दोन गोष्टी आपोआप साठतात. एक आइस्क्रीमचे रिकामे डबे आणि दुसरे किस्से. डबे निघताना कुणाला तरी देता येतात. किस्से कोण घेणार? पुण्यात आल्यापासून मी ते येईल त्याला ऐकवते. लोक आधी हसतात, मग मध्येच गप्प होतात आणि मग "चहा टाकू का?" म्हणतात. माझ्या घरात येऊन, मलाच!

तर आमची टोळी सांगते. मस्कतच्या वादी अदाई भागात एका इमारतीत आम्ही तीन बिऱ्हाडं. आम्ही, म्हणजे मी, नवरा मिलिंद आणि मुलगी ऋचा. मिलिंद एका बांधकाम कंपनीत क्वांटिटी सर्व्हेयर होता. समोरच्या दारात जोगळेकर आणि त्यांची बायको शुभा. जोगळेकर पोटासाठी तेलाच्या धंद्यात आणि जिवासाठी प्राण्यांच्या मागे. वरच्या मजल्यावर सलीमभाई मुकादम आणि नसीमाभाभी, मूळ दापोलीकडचे. सलीमभाईंचं रुस्ताकला हार्डवेअरचं दुकान होतं. ईदची सुट्टी जाहीर झाली रे झाली की जोगळेकर दुर्बीण पुसायला घेत आणि ओळखीतल्या अजून दोनचार मराठी कुटुंबांना फोन लावत. मला स्वतःला प्राण्यांचं काही कौतुक नाही. पण इतक्या माणसांचा डबा कोणीतरी करायला हवा ना!

आणि एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे पुढचं कळेल. यातले बरेच किस्से घडले तेव्हा ऋचा अकरावी-बारावीत होती. अकरावीनंतर शाळा बदलली की वर्ष गेलंच म्हणून समजा. मुलीचा व्हिसा बापावर, बापाचा व्हिसा कंपनीवर. त्यामुळे आमच्या घरात देवापुढे एकच मागणं असायचं: हिचा शेवटचा पेपर होईपर्यंत नोकरी जाण्यात आपला नंबर लागू नये. बाकी काय वाट्टेल ते होवो.

*

पहिला किस्सा चांगल्या दिवसांतला. परांजपेकाका रिटायर होऊन नाशिकला निघाले होते. सत्कार, शाल, नारळ नको म्हणाले. "मला एकदा मोकळा जिराफ बघायचाय!" झालं. आमची सगळी वरात ईदला मस्कतहून विमानानं थेट दार-एस-सलामला!

तिथं जोगळेकरांच्या ओळखीनं एका मराठी घरी जेवायला गेलो. साठेकाकूंचं घर. कोजागिरीच्या आसपासचे दिवस, त्यामुळे जेवणानंतर मसाला दूध. काकूंच्या नवऱ्याचे पणजोबा तिथं आलेले. काकूंना वाटलं, आम्हीही तसेच. दुधाचा पेला हातात देत विचारलं, "तुमची मस्कतला कितवी पिढी?"

जोगळेकर म्हणाले, "काकू, आमची पिढी दोन वर्षांची असते. रिन्यू झाली तर पुढे!"

काय हसलो आम्ही! परांजपेकाकांना तर ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी मिकुमीच्या जंगलात गेलो. जिराफ भरपूर दिसले. पण लक्षात राहिला तो झेब्र्यांचा कळप. सिंहिणीनं आमच्यासमोर त्यातला एक धरला. बाकीचे सैरावैरा पळाले. थोडं लांब जाऊन थांबले, वळून बघितलं आणि माना खाली घालून गवत खायला लागले. तिकडे तो अजून पाय झाडत होता!

ऋचा रडायला लागली. आमच्या ड्रायव्हरनं समजावलं, "रडू नकोस. तिला एक मिळाला. आज बाकीच्यांना भीती नाही."

परतताना जोगळेकरांनी विमानात जाहीर केलं की यापुढे मस्कत सोडणाऱ्या प्रत्येकाला आपण असाच निरोप द्यायचा. जाणाऱ्यानं प्राणी निवडायचा, बाकीच्यांनी दाखवायचा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

*

त्याच ट्रिपमधला सलीमभाईंचा एक सांगून टाकते. त्यांचा अर्बाब, म्हणजे ज्याच्या नावावर दुकान तो मालक, म्हातारा ओमानी, पण जन्मानं झांझिबारचा. घरात स्वाहिली बोलायचा. त्यानं सलीमभाईंकडे हलव्याचा डबा दिला होता, तिथं राहिलेल्या बहिणीसाठी. म्हणून आम्ही बोटीनं झांझिबारलाही गेलो.

बहीण वाळक्या अंगाची, पाठीत वाकलेली. तिनं हलवा घेतला, डब्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "तो कधी येणार?"

सलीमभाई म्हणाले, "इन्शाल्ला, पुढच्या ईदला."

ती म्हणाली, "जाताना पण हेच म्हणाला होता. मी तेव्हा परकरी होते." म्हणजे सलीमभाईंनी आम्हाला मराठीत तसं सांगितलं.

मस्कतला परत आल्यावर अर्बाबनं विचारलं, बहीण खूश झाली का? सलीमभाईंनी "खूप" म्हणून सांगितलं. मला मात्र जिन्यात गाठून म्हणाले, "वैनी, दोन्हीकडं खोटं बोललो. पन खरं बोलून कुनाचा भला व्हनार व्हता?"

*

मग तेल पडलं. तेलाचा भाव पडला असं पूर्ण वाक्य तिथं कोणी म्हणायचं नाही. "तेल पडलं" एवढंच. ऋचा दहावीतून अकरावीत गेली आणि आमच्या ओळखीतली पहिली नोकरी गेली ती देव आडनावाच्या गृहस्थांची.

देववहिनींनी कासव निवडलं. रास अल हद्दला पहाटे अंडी घालून समुद्राकडे परतणारी कासवं दिसतात. गाईडनं आधीच दम भरला होता: बोलायचं नाही, टॉर्च लावायचा नाही, जवळ जायचं नाही. उजाडता उजाडता ते धूड वाळूतून निघालं. दोन ढकला पुढे, मग थांबायचं. परत दोन ढकला. पाण्याला लागलं आणि देववहिनींनी जो हंबरडा फोडला!

गाईड धावत आला. "मॅडम, प्लीज! टर्टल डिस्टर्ब होईल!"

देव बायकोचा हात धरून त्याला म्हणाले, "सॉरी भाऊ. फर्स्ट टाइम आहे."

नंतर हे वाक्य आमच्यात फार चाललं. कोणाची नोकरी गेली की आम्ही विचारायचो, "फर्स्ट टाइम आहे का?" माणूस किती निर्लज्ज होतो बघा. पण हसलो नसतो तर घरात नुसती एकमेकांची तोंडं बघत बसलो असतो.

*

फडणिसांना तर तयारीलाही वेळ मिळाला नाही. सकाळी ऑफिसात बोलावलं आणि आठवडा संपायच्या आत विमानात बसवलं. जोगळेकर विचारायला गेले तर फडणीस सूटकेसवर बसून ती बंद करत होते. म्हणाले, "प्राणी कुठलाही चालेल. अर्ध्या तासाच्या आत हवा."

अर्ध्या तासाच्या आत एकच होता. अल अमेरातच्या कचरा डेपोवरची गिधाडं! थंडीत तिथं शेकड्यांनी गिधाडं आणि गरुड उतरतात. परदेशातून लोक कॅमेरे घेऊन येतात म्हणे. आम्ही मात्र शेजारी राहून कधी गेलो नव्हतो.

आत सोडत नाहीत, म्हणून बाहेरच्या रस्त्याकडेला गाड्या लावल्या. नाकाला रुमाल. बॉनेटवर थालीपीठं, पण रुमाल सोडून खाणार कोण? डोंगराच्या कडेवर गिधाडं ओळीनं बसलेली आणि सगळी आमच्याकडे बघत होती.

फडणीस रुमालातूनच म्हणाले, "एवढी वर्षं इथं रस्ते बांधले आणि निरोप कचऱ्यात!"

सलीमभाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "सायब, रस्त्यावरना कोन निरोपाला आला काय? ही बगा, सगली जमली हायत!"

फडणीस इतके हसले, इतके हसले, की नसीमाभाभींनी त्यांना धरून गाडीत बसवलं. तिथं ते कितीतरी वेळ रुमाल डोळ्यांवर धरून बसले होते. थालीपीठं तशीच घरी आली.

*

चिटणिसांचा किस्सा मी सहसा सांगत नाही. पण आज निघालाच आहे विषय.

चिटणिसांनी ओरिक्स निवडला. पांढरं, लांब सरळ शिंगांचं हरिण. त्यासाठी हैमाच्याही पुढे वाळवंटात जावं लागतं. जाणारा माणूस इतक्या लांबचा प्राणी कशाला निवडतो, असा प्रश्न मला पडला होता. पण विचारलं नाही.

पोहोचलो. कुंपणाच्या आत ओरिक्स उभे होते. आम्ही बाहेर चटया टाकल्या, छत्र्या उघडल्या, मी पुऱ्या वाढायला घेतल्या. चिटणीसवहिनी मोठ्या हौशी बाई! त्यांनी घरून श्रीखंड करून आणलं होतं, आइसबॉक्समध्ये घालून. सगळ्यांना आग्रह करकरून वाढलं आणि हात पुसत विचारलं, "या वेळी कोण चाललंय हो? मला कोणी सांगितलंच नाही!"

जोगळेकरांनी श्रीखंडाकडे बघितलं. मी पुरीकडे बघितलं. शुभा बिचारी भाबडी. तिला वाटलं वहिनी गंमत करताहेत. म्हणाली, "अय्या, असं काय करता? तुम्हीच की!"

वहिनींनी नवऱ्याकडे बघितलं. तो कुंपणाकडे तोंड करून म्हणाला, "परत जाताना गाडीत सांगणार होतो."

वहिनी रडल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. नवऱ्याच्या ताटलीत अजून एक डाव श्रीखंड वाढलं आणि म्हणाल्या, "खा. रस्ता लांबचा आहे."

प्राणी आधी आणि बायको नंतर, ही चूक जगात आमच्याशिवाय कोणी करेल का?

*

त्यानंतर ऋचानं घरात फतवा काढला. तिचं मराठी असं: "आई, लिसन. आपण कोणतापण अ‍ॅनिमल बघायचा नाही. टिल माय बोर्ड्स. जो बघतो तो जातो."

मी म्हटलं, "अगं, जातो म्हणून बघतो."

"सेम थिंग!" म्हणाली आणि दार लावून घेतलं.

हसू नका. मिलिंदनं ते मनावर घेतलं! इंजिनिअर माणूस! त्याच्या ऑफिसातली दोन टेबलं रिकामी झाली होती, तिसरं रिकामं झालं ते त्याच्या शेजारचं. त्याच सुमाराला कंपनीचे कोणी पाहुणे आले आणि त्यांना बोटीतून डॉल्फिन दाखवायची जबाबदारी मिलिंदवर आली. नाही कसं म्हणणार? गेला. पाहुण्यांनी सांगितलेलं मला नंतर कळलं. डॉल्फिन बोटीच्या पुढे उड्या मारत होते, पाहुणे ओरडत होते आणि मिलिंद हातांनी डोळे झाकून बोटीच्या तळाशी बसला होता. पाहुण्यांना वाटलं बोट लागली. त्यांनी त्याला लिंबू दिलं.

घरी आल्यावर मी विचारलं, "एकही नाही बघितलास?"

म्हणाला, "पाणी अंगावर उडालं. ते धरायचं का गं?"

मी काय सांगणार? मीही त्या दिवसांत टीव्हीवर प्राण्यांचं चॅनेल लागलं की रिमोट शोधत धावायची. भीती वाटत होती.

*

मग जोगळेकरांचाच नंबर लागला. ज्यानं सगळ्यांना निरोप दिले, त्याला काय दाखवायचं? आम्ही ठरवलं, म्हणतील तिथं न्यायचं. आफ्रिका म्हणाले तरी बघू.

जोगळेकर म्हणाले, "मला जिन्याखालची मांजर बघायचीय."

आमच्या इमारतीच्या कचऱ्याच्या ड्रमपाशी एक कानतुटकी मांजर असायची. नऊ वर्षं हा माणूस दुर्बीण गळ्यात घालून तिच्यावरून ये-जा करत होता. त्या संध्याकाळी पायरीवर बसून त्यांनी तिच्यापुढे नसीमाभाभींनी दिलेले तळलेले बांगडे एकेक ठेवले. आम्ही सगळे मागे उभे. मांजर सावकाश खात होती.

"तुझा व्हिसा कोण काढतो गं?" जोगळेकरांनी तिला विचारलं.

शुभा आत निघून गेली. जोगळेकरांनी दुर्बीण काढून ऋचाच्या गळ्यात घातली. तिनं ती लगेच काढली आणि मागच्या मागे माझ्या हातात दिली. घाबरली होती पोर. त्या दिवसापासून तिचं जेवण अर्ध्यावर आलं. झोपेत दात खायला लागली. बारावीची परीक्षा तोंडावर होती.

*

आणि आता आमचा.

पेपर सुरू व्हायच्या आधीच मिलिंदला बोलावलं. त्यानं साहेबापुढे हात जोडले: माझी नोकरी घ्या, पण मुलीचा शेवटचा पेपर होईपर्यंत व्हिसा कॅन्सल करू नका. साहेब ओमानी होता, त्याच्याही मुली होत्या. म्हणाला, "इन्शाल्ला." आता या इन्शाल्लाचा अर्थ हो की नाही, ते कळायला मार्ग नव्हता. पण दिवस जात राहिले आणि व्हिसा रद्द झाल्याचा कागद आला नाही.

मिलिंद मला म्हणाला, "ऋचाला एक अक्षर कळता कामा नये. पेपर संपू देत."

मग आम्ही नाटक सुरू केलं. मिलिंद रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन निघायचा. कोपऱ्यावर सलीमभाईंच्या पिकअपमध्ये बसायचा आणि रुस्ताकच्या दुकानात दिवसभर स्टुलावर बसून राहायचा. संध्याकाळी "आज साइटवर काय धूळ!" असं म्हणत घरात शिरायचा. एकदा तर शर्टला खरंच धूळ लावून आला!

सामान विकायचं होतं. ऋचा क्लासला गेली की मी गिऱ्हाइकांना बोलवायची. सोफा गेला, वॉशिंग मशीन गेलं, पलंग गेले. सगळं गेलं आणि सगळं जागेवरच! प्रत्येकाला एकच अट: "मेरी बेटी का लास्ट पेपर होने दो, फिर उठाना." आणि सांगते, एकानंही कुरकुर केली नाही. सोफा घेणारी बाई तर म्हणाली, "आप आराम से बैठिए उसपे." दुसऱ्याच्या सोफ्यावर बसून मी मुलीला दूध-बदाम द्यायचे.

फ्रिज आणि ऋचाचं अभ्यासाचं टेबल घेतलं अश्रफनं. हा केरळचा, जवळच कॅफेटेरिया चालवायचा. टेबल त्याच्या मुलीसाठी. तो बघायला आला तेव्हा टेबलावर ऋचाची पुस्तकं पसरलेली होती. त्यानं टेबलाला हात लावला नाही. लांबूनच मान हलवली.

वॉचमनला माहीत, नसीमाभाभींना माहीत, शाळेच्या व्हॅनच्या ड्रायव्हरला माहीत. सगळ्या वादी अदाईला माहीत. एकट्या ऋचाला नाही. ती पाठ करायची, आम्ही दाराबाहेर उभे राहून ऐकायचो. फिजिक्स झाला. केमिस्ट्री झाला. मॅथ्सच्या दिवशी मिलिंद दुकानातून सारखा फोन करत होता. मी म्हटलं, "अरे, पेपर ती देतेय, तू नाही!"

शेवटचा पेपर. मिलिंदनं ठरवलं होतं की तिला थेट हॉटेलात न्यायचं, आवडीची बिर्याणी मागवायची आणि खाऊन झाल्यावर हळूच सांगायचं. काय सांगायचं, कोणत्या शब्दांत, हे आम्ही आरशासमोर उभं राहून ठरवलं होतं.

ऋचा शाळेच्या गेटातून बाहेर आली. पेपर चांगला गेला म्हणाली. गाडीत बसली आणि म्हणाली, "हॉटेल नको. घरी."

"अगं, पण..."

"घरी, बाबा."

वळणावरूनच दिसलं. इमारतीच्या दारात अश्रफचा पिकअप उभा! बिचारा वेळेच्या आधी आला होता आणि दोरखंड मांडीवर घेऊन स्टिअरिंगमागे बसून राहिला होता. आम्हाला बघून तो दचकला. त्यानं घाईघाईनं दोरखंड सीटखाली सारला आणि भलतीकडेच बघायला लागला. मिलिंदनं गाडीचा वेग वाढवला, सरळ पुढे काढायला.

"थांबव," ऋचा म्हणाली.

ती उतरली. युनिफॉर्ममध्ये, हातात पॅड आणि कंपास. पिकअपपाशी गेली आणि काचेवर टकटक केली. अश्रफनं काच खाली केली.

"अंकल, मेरा पेपर खलास," ती म्हणाली. "अब ले जाइए. टेबल के ड्रॉवर मैंने कब के खाली कर दिए हैं."